दोदो हे बाबांचं नाव

बाबांचा डावा पाय घोट्यापासून बाहेरच्या बाजूला वळलेला होता. रेल्वेत असताना गोंदियाच्या यार्डात त्यांनी मालगाडीच्या वाघिणीवरून उडी मारली, पाय खडीत मुरगळून मोडला आणि तसाच वाकडा जुळला. त्यात ते अंगानं जाड. चालताना एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला झुकत आणि तोल राहावा म्हणून दोन्ही हात शरीरापासून जरा लांब धरत. आम्हा घरच्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. गर्दीत बाबा लांबून ओळखू येत, एवढंच.

भिलाईत रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा दोरखंड, जॅक आणि कप्प्या यांची जाण असलेली माणसं हवी होती. रुळावरून घसरलेलं इंजिन कसं उचलायचं हे बाबांना ठाऊक होतं. ते रेल्वे सोडून आले आणि त्यांच्यामागून आई आणि मी आलो. कॅम्पात पत्र्याच्या छपरांची घरं होती, आठ घरांत एक नळ. समोर पाहावं तिकडे उकरलेली तांबडी मुरमाड जमीन. दुपारी वारा सुटला की ताटातल्या भातावर लाल थर बसायचा, म्हणून आई वाढलेलं ताट पदराखाली धरून आणायची.

बाबांच्या टोळीला खलासी टोळी म्हणत. जड वस्तू उचलायची, वर न्यायची आणि बरोबर जागेवर बसवायची, हे तिचं काम. पहिल्या भट्टीचं लोखंडी कवच तेव्हा चढत होतं. टोळीवर एक रशियन माणूस होता, उभारणीतला जुना जाणकार. सगळे त्याला एक्सपर्ट साहेब म्हणत, बाबा मात्र उस्ताद म्हणत. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच असलेला. डोक्यावर गवताची टोपी आणि मानेवर उन्हानं भाजलेली कातडी सोलवटलेली. क्रेनवाल्याला खूण करताना तो वर न्यायचं असलं की 'वीरा' ओरडे आणि खाली आणायचं असलं की 'माइना'.

पहिल्या दिवशी बाबा हसत घरी आले. आईला म्हणाले, "थो रशियन 'मैना मैना' ओरडते. आमी सारे वर पाहून राहिलो, मैना कुठं बसली म्हणून. इकडे लोखंड खाली येऊन राहिलं."

दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात त्यांना नाव मिळालं. बाबांचं खरं नाव लांबलचक, त्यात दोन जोडाक्षरं. उस्तादाची जीभ त्यावर वळेना. तेव्हा आमच्याकडचाच एक तरुण सुपरवायझर, नुकताच कॉलेजातून आलेला, इंग्रजी बोलणारा, म्हणाला की याला 'डोडो' म्हणा, सोपं आहे. उस्तादानं ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं. त्याच्या तोंडी त्याचं 'दोदो' झालं. मग दिवसभर त्या उंच सांगाड्यावरून हाक ऐकू येत राहिली, "दोदो, वीरा. दोदो, माइना."

ते सुपरवायझरनं सुचवलं हे बाबांना ठाऊक नव्हतं, त्यांना ते नाव भारी आवडलं. रशियन दुभाष्यानं त्यांना कधीतरी सांगितलं होतं की त्यांच्याकडे काकाला 'द्याद्या' म्हणतात. बाबांनी मनाशी जुळवून टाकलं. जेवताना आम्हाला म्हणाले, "आपल्या इकडं दादा म्हणते, तसं त्यायच्या इकडं दोदो म्हणत असन. मोठ्या भावाले." आई म्हणाली, "असन बाप्पा." एवढ्यावर ते ठरलं.

नाव कामावरून कॅम्पात आलं. नळावरची पोरं 'दोदो चाचा' म्हणू लागली. चहाच्या टपरीवाला 'दोदो का चाय' असं ओरडून कप पुढे करी. बाबांनी आपल्या डब्याच्या झाकणावर खिळ्यानं ठोकून 'दोदो' अशी अक्षरं उठवली, डबे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. मलासुद्धा त्या नावाचा मोठा अभिमान होता. आमच्या ओळीत रशियन नाव मिळालेला दुसरा कोणी नव्हता.

उस्ताद आणि बाबांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण त्यांचं काम हातांच्या खुणांवर चालायचं, आणि त्या खुणा दोघांनाही पाठ होत्या. बाबांच्या टोळीत भंडाऱ्याकडचे एक गृहस्थ होते, मी त्यांना काका म्हणत असे. त्यांनी सांगितलेली एक हकीकत मला आठवते. कवचाचा एक मोठा पत्रा वर चढत होता. अर्ध्यावर आला असताना बाबांनी एकाएकी मूठ वर केली, म्हणजे थांबा. सुपरवायझर वैतागला. सगळं ठीक तर दिसत होतं. बाबा म्हणाले, दोराचा आवाज बदलला. उस्तादानं काही न विचारता क्रेन थांबवली आणि पत्रा हळूहळू खाली घ्यायला लावला. तारेचा दोर उघडून पाहिला तर आतले पीळ तुटलेले होते. त्या दिवसापासून उस्ताद प्रत्येक मोठ्या उचलाआधी बाबांकडे पाही. बाबांनी मान हलवली की मगच 'वीरा' म्हणे.

रविवारी तो कधीकधी आमच्याकडे जेवायला यायचा. पहिल्या वेळी दुभाष्या बरोबर होता, नंतर तो एकटाच येऊ लागला. आई पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायची, झणझणीत. तो घाम पुसत, डोळ्यांतून पाणी काढत खायचा आणि वरून कच्चा कांदा दातांनी तोडायचा. आई दाराआडून पाहत म्हणायची, "याच्या बायकोले कोणी सांगा, माणूस इथं सुखात हाय." जेवण झालं की दोघं बाहेर खाटेवर बसत. उस्ताद काडीनं मातीत आकृती काढी, बाबा ती पुसून दुसरी काढत. कुठला दोर कुठे बांधायचा असलं काहीतरी चाललेलं असे. अधूनमधून दोघंही मोठ्यानं हसत. कशाला हसले ते आम्हाला कळत नसे.

एकदा त्यानं माझ्यासाठी रंगीत पेन्सिलींची डबी आणली. बारा पेन्सिली होत्या, प्रत्येकीवर सोनेरी अक्षरं. मी त्या शाळेत नेल्या नाहीत. कोणी मागेल म्हणून.

शाळा हिंदी माध्यमाची होती. मी आठवीत होते. भूगोलाच्या बहेनजी मन लावून शिकवायच्या आणि पुस्तकात नसलेल्या गोष्टीही सांगायच्या. त्या दिवशी हिंदी महासागरातली बेटं चालली होती. त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यात एक पान उघडून त्यांनी ते छातीशी उभं धरलं. पानभर एका पक्ष्याचं चित्र. अंगानं जाडा, पंख अगदी नावापुरते, चोच मोठी आणि टोकाला वाकलेली, पाय आखूड. हा मॉरिशस बेटावर राहायचा, त्या म्हणाल्या. बेटावर माणूस नव्हता, शिकारी प्राणी नव्हते, म्हणून उडायची गरजच पडली नाही. मग जहाजं आली. या पक्ष्याला माणसाची भीतीच ठाऊक नव्हती. मारायला आलेल्यांच्या जवळ तो आपण होऊन चालत जायचा. जहाजांतून डुकरं आणि उंदीर उतरले, त्यांनी अंडी खाल्ली. शंभर वर्षांच्या आत एकही उरला नाही.

"इसका नाम डोडो," बहेनजी म्हणाल्या. हे नावसुद्धा जहाजवाल्यांनीच दिलं, काही लोक म्हणतात त्याचा अर्थ मूर्ख असा होता. बेटावर आधी माणूसच नसल्यामुळे त्याला आधीचं, दुसरं काही नाव नव्हतं.

माझ्या मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिचे वडीलही आमच्याच साइटवर फोरमन होते. ती म्हणाली, "बहेनजी, इसके पापा का नाम भी डोडो है."

वर्ग हसला. बहेनजींनी टेबलावर डस्टर आपटला. मी उभी राहिले आणि म्हणाले की ते रशियन नाव आहे, त्याचा अर्थ मोठा भाऊ असा होतो.

"नहीं," ती मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, ती मला माहिती देत होती. "मेरे पापा बता रहे थे. वो ऐसे चलते हैं ना, इसलिए सुपरवायझर साहब ने रखा है. सबको मालूम है."

बहेनजींनी तिला खाली बसवलं. पण तिचं वाक्य पुरं झालं होतं. मी पुन्हा त्या चित्राकडे पाहिलं आणि मला बाबा दिसले. लांब धरलेले हात, बाहेर वळलेला पाय. सगळ्यात वाईट हे की चित्र खरोखर जुळत होतं.

राग कोणाचा यायला हवा होता हे आज कळतं. त्या सुपरवायझरचा यायला हवा होता, दोन वर्षं गप्प राहून हसणाऱ्यांचा यायला हवा होता. मला राग बाबांचा आला. त्यांना काहीच कळलं नाही म्हणून. ते नाव त्यांनी डब्यावर ठोकून घेतलं म्हणून. मी वर्गात छाती काढून 'मोठा भाऊ' म्हणाले आणि चाळीस मुली मला हसल्या, ते बाबांच्या भोळेपणापायी, असं मला वाटलं. मी घरी आले. कोपऱ्यात बसून वहीत तो पक्षी काढला, आठवेल तसा. उस्तादानं दिलेल्या पेन्सिलींनी रंगवला. चित्र काही धड जमलं नाही, पक्षी बदकासारखा झाला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डोडो'.

तीन दिवस वही माझ्या दप्तरात राहिली. त्या तीन दिवसांत मी बाबांना एकटं गाठून सांगू शकले असते. त्यांच्या गळ्यात हात टाकून, रडून सांगितलं असतं तरी चाललं असतं. तसं मी केलं नाही.

रविवारी उस्ताद आला. जेवण झालं, दोघं खाटेवर बसले. उस्तादानं बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी लांबलचक बोलला, त्यातलं मला फक्त 'दोदो' कळलं. बाबा हसले. ते तसे हसले आणि माझ्या डोक्यात काहीतरी चढलं.

मी वही घेऊन बाहेर गेले. "बाबा, दोदो म्हणजे काय ते मालूम हाय का तुमाले?"

"काय?"

"हे पाहा." मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाबांनी चित्र पाहिलं. खालचं नाव बोट फिरवत वाचलं. "हे पक्षी व्हय का? कुठं रायते?"

"आता नाही राहत कुठंच. मेले सारे."

"कावून?"

"येडे होते म्हणून," मी म्हणाले. "मारणारा समोर आला तरी पळत नव्हते. त्याच्याकडेच चालत जात होते. असे." आणि मी तीन-चार पावलं चालून दाखवली, हात लांब धरून, एक पाय बाहेर टाकून.

आई दारात उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला.

मग उस्तादानं त्यांच्या मांडीवरची वही उचलली. त्याला आमचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यानं चित्र उलटंसुलटं धरून पाहिलं, आणि त्याचा चेहरा खुलला. तो हसला, तोंडानं बदकासारखा आवाज काढला, कोपरं हलवून दाखवली. पेन्सिलींचा रंग ओळखून त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, मग बाबांकडे, आणि म्हणाला, "दोदो, खराशो." म्हणजे छान. तुझी मुलगी छान चित्र काढते, एवढंच त्याला म्हणायचं असणार. पण बाबांना काय दिसलं ते मलाही दिसलं. तो चित्राला हसला, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून त्यांना त्या नावानं हाक मारली.

बाबा उठले. हात जोडून म्हणाले, "उस्ताद, मले काम हाय." आणि आत निघून गेले. उस्ताद थोडा वेळ खाटेवर बसून राहिला. आईनं त्याला कागदात गुंडाळून वडे दिले. तो ते घेऊन गेला, दोनदा मागं वळून पाहत.

संध्याकाळी बाबा कानस घेऊन बसले आणि डब्याच्या झाकणावरची अक्षरं घासून काढली. ते मला रागावले नाहीत. आईसुद्धा फक्त एवढंच म्हणाली, "तुले कोणी शिकवलं असं चालाले?"

कामावर पुढे काय झालं ते काकांनी सांगितलं. सोमवारी उस्तादानं वरून हाक मारली, "दोदो." बाबांनी वर पाहिलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. टोळीतले सगळे थांबले. बाबा खाली वाकून दोराला गाठ मारत राहिले. तिसऱ्या हाकेनंतर उस्ताद स्वतः शिडी उतरून खाली आला, त्यांच्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून खुणेनं विचारलं, काय झालं? बाबांनी खुणेनं सांगितलं, काही नाही, दोर तयार आहे. आठवड्याभरात त्यांनी अर्ज करून रोलिंग मिलच्या बाजूची टोळी मागून घेतली. कारण म्हणून पाय दुखतो असं लिहिलं. उंचावर चढवत नाही.

त्यानंतर उस्ताद आमच्या घरी एकदाच आला. रविवारच होता. मी दारात तांदूळ निवडत होते. बाबांनी त्याला लांबून येताना पाहिलं आणि आत जाता जाता मला म्हणाले, "घरी नाई म्हणून सांग."

तो आला, टोपी काढली आणि म्हणाला, "दोदो?"

मी म्हणाले, "बाबा घरी नाही."

'नाही' हा शब्द त्याला येत होता. त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं. तिथं बाबांच्या चपला होत्या. डाव्या चपलेची बाहेरची कड झिजून पातळ झालेली, कोणाच्या आहेत ते विचारायला नको. त्यानं त्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो अर्ध्या बोटांचा हात, आणि वळून चालू लागला. मी तांदूळ निवडत राहिले. त्यातले खडे मला दिसत नव्हते.

काही महिन्यांनी त्याची मुदत संपली. टोळीतले सगळे त्याला पोचवायला दुर्गच्या स्टेशनवर गेले, हार घेऊन. काका बाबांना बोलवायला आले होते. बाबा म्हणाले की त्यांची ड्यूटी आहे. ड्यूटी नव्हती. ते दिवसभर घरी होते आणि मोरीची फुटलेली कड सिमेंटनं लिंपत बसले होते.

काका परत आल्यावर आमच्याकडे थांबले. म्हणाले, "लय वाट पाहिली गा त्यानं तुही. सगळ्यायचे हार घेतले, पण आमच्या डोक्यावरून मांगं पाहून राहिला होता. गाडी निघाली तरी पाहून राहिला होता."

बाबा म्हणाले, "चहा घेता का?"

मी त्यानंतर मॅट्रिक झाले, दुर्गच्या कॉलेजात जाऊ लागले. आम्हाला सेक्टरमध्ये पक्कं क्वार्टर मिळालं. गावात संध्याकाळी रशियन भाषेचा वर्ग चाले, मी त्यात नाव घातलं. घरी सांगितलं की पुढे नोकरीला बरं पडेल. खरं कारण मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एका रशियन इंजिनिअरची बायको शिकवायची, गोरीपान, लठ्ठ, हसऱ्या डोळ्यांची. वाचायला लहान मुलांची चित्रांची पुस्तकं असायची, प्राण्यांची, भाज्यांची, गाड्यांची. दुसऱ्या वर्षी एका पुस्तकात पान उलटलं आणि तो पक्षी समोर आला. तीच वाकडी चोच, तेच आखूड पाय. खाली नाव छापलेलं होतं. मी अक्षर लावून वाचलं, 'द्रोन्त'.

मी पुन्हा वाचलं. मग बाईंना विचारलं, "हा डोडो ना?"

"डोडो?" त्या म्हणाल्या. "हो, इंग्रज तसं म्हणतात वाटतं. आम्ही द्रोन्त म्हणतो."

"तुमच्याकडच्या एखाद्या कामगाराला डोडो म्हटलं तर कळेल का, हा पक्षी म्हणून?"

बाई हसल्या. "त्याला द्रोन्त तरी कुठे माहीत असणार? आणि दोदो म्हटलं तर एखाद्या बाळाचं लाडाचं नाव वाटेल." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "का, काय झालं?"

मी म्हणाले, काही नाही.

घरी यायला दोन मैल होते. मी सायकल हातात धरून चालत आले. उस्तादाला ठाऊक नव्हतं. सुपरवायझरनं एक शब्द त्याच्या तोंडात ठेवला, त्यानं तो माणसाचं नाव म्हणून घेतला आणि तसाच वापरला, दोन वर्षं, जीव लावून. माझ्या चित्रात त्याला मुलीनं काढलेलं बदक दिसलं. त्यापलीकडे त्याला दिसण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्या साइटवर त्या नावानं बाबांचा अपमान न करणारा माणूस बहुतेक तो एकटाच असेल, आणि मी तो एकटा माणूस बाबांपासून तोडला.

बाबांना सांगायला मला आणखी महिना लागला. ते मागच्या अंगणात वालाच्या वेलाला काड्या लावत होते. मी शेजारी बसून काड्या हातात देत गेले आणि सगळं सांगितलं, द्रोन्तपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. एक काडी जमिनीत रोवली, दाबून पाहिली.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"काय मालूम होतं?"

"थो मले हासत नव्हता म्हणून. दोराचा आवाज कळते मले, माणसाचा कळत नाई का? दोन-चार दिवसांतच समजलं."

"मंग तुमी त्याच्याशी बोलले कावून नाही?"

त्यांनी वेलाचा शेंडा काडीला गुंडाळला. मग म्हणाले, "बाकीचे हासत होते ना. सारे. माह्या टोळीतले, ज्यायले मी काम शिकवलं थे. त्यानं हाक मारली का मले त्यायचं हासणं ऐकू येत जाय. त्याच्या तोंडावर पाहवत नव्हतं. मंग दिवस गेले. मंग लाज वाटे का आता कोणत्या तोंडानं जाऊ. टेशनावर जाले पायजे होतं. थे माही चूक झाली."

"माझ्यामुळं झालं सगळं," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्याआधीच ते म्हणाले, "तुहा काय दोष. तू शाळेतलं शिकलेलं सांगतलं."

आणि मी गप्प बसले. मी शाळेतलं सांगितलं नव्हतं. शाळेत कोणी चालून दाखवायला शिकवलं नव्हतं. मी त्यांना दुखवायचं ठरवून, तीन दिवस वाट पाहून, त्यांच्या मित्रादेखत दुखवलं होतं. ते त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी मला सुटायला वाट करून दिली आणि मी त्या वाटेनं निघून गेले.

आम्ही पत्र लिहायचं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं की उस्तादाचं पूर्ण नाव आम्हाला माहीत नाही. बाबांना पहिलं नाव तेवढं आठवत होतं, तेही कानाला लागलं तसं. काकांनाही तेवढंच. रशियन बाई म्हणाल्या, त्या नावाची माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, आडनाव तरी हवं. मी ऑफिसात जाऊन विचारलं. तिथल्या कारकुनानं सांगितलं की परत गेलेल्या लोकांचे पत्ते तो देऊ शकत नाही. बाई पुढच्या उन्हाळ्यात मायदेशी परतणार होत्या. त्या म्हणाल्या, पत्र लिहून द्या, मी तिकडे विचारपूस करीन, भिलाईहून आलेले लोक एकमेकांना ओळखून असतात.

बाबांनी मराठीत सांगितलं, मी रशियनमध्ये लिहिलं. चारच वाक्यं होती. उस्ताद, तुमी गेले तेव्हा मी आलो नाई, ड्यूटी नव्हती, खोटं सांगतलं. तुमची चूक नव्हती. भट्टी चांगली चालू हाय. पोरगी तुमची भाषा शिकून राहिली.

"खाली नाव काय लिहू?" मी विचारलं. त्यांचं खरं नाव रशियन अक्षरांत कसं बसवायचं याचा मी विचार करत होते.

"दोदो लिही," ते म्हणाले. "माहं दुसरं नाव त्याले कुठं मालूम हाय."

मी लिहिलं. त्याच्याखाली कागदावर अर्ध्या पानाची जागा उरली होती. तिथं मला माझ्याकडून दोन ओळी लिहायच्या होत्या, की त्या दिवशीचं चित्र बदकाचं नव्हतं, आणि बाबा घरी होते. शब्द सगळे येत होते. मी बराच वेळ पेन धरून बसले. बाबा म्हणाले, "झालं का?" मी म्हणाले, झालं, आणि कागदाची घडी घातली.

बाई पत्र घेऊन गेल्या. त्यांचं एक कार्ड आलं, पोचले म्हणून. त्यात उस्तादाबद्दल काही नव्हतं. नंतर कार्डही आलं नाही. बाबा कधीमधी विचारायचे, "काई आलं का?" पुढे पुढे विचारेनासे झाले. निवृत्तीनंतर भिलाईजवळ रिसालीला त्यांनी लहानसं घर बांधलं, त्यात नऊ वर्षं राहिले आणि गेले. त्या नऊ वर्षांत मी किती वेळा त्यांच्या शेजारी बसले. वाल सोलले, पेपर वाचून दाखवला, पायाला तेल लावून दिलं. त्या वाकड्या घोट्याला तेल चोळताना प्रत्येक वेळी वाटायचं की त्या दिवशी मी ते मुद्दाम केलं होतं, हे आज सांगावं. आणि ते डोळे मिटून म्हणायचे, "थोडं वरतं लाव, बाई." मी वर लावायची.